आजींचे कान आणि मामाची वायर

दोस्तांनो, आधी एक कबुली देऊन टाकतो. या लेखात जी चूक तुम्ही वाचणार आहात ती माझी आहे, आणि ती पकडली माझ्या भाचीनं. भाची सहावीत आहे. तेव्हा ‘मोठ्यांना सगळं येतं’ असं कुणी तुम्हाला सांगायला लागलं, तर हा अंक खुशाल त्यांच्या पुढ्यात ठेवा!

त्याचं असं झालं. दिवाळीत ताईच्या घरी होम थिएटर आलं. नवंकोरं नव्हे हं. भावजींच्या ऑफिसातले एक गृहस्थ बदली होऊन परगावी निघाले होते. त्यांनी एक रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर असं सगळं बिऱ्हाड खोक्यात भरून देऊन टाकलं. खोक्यात वायरींचा हा एवढा गुंता! माहितीपुस्तिका मात्र गायब. ‘‘मामाला येतं सगळं,’’ असं मुलांनी जाहीर केलं आणि मामा फुशारला. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर आणि कोपऱ्यात सबवूफर, एवढंच मी फराळाच्या आधी घाईघाईनं जोडून दिलं. बाकीचे तीन पुढच्या खेपेला. आवाज घुमला, सगळे खूश. चार लाडू खाऊन मी घरी.

जानेवारीत ताईचा फोन आला. ‘‘अरे, आईंना हल्ली ऐकू कमी येतंय.’’ आई म्हणजे तिच्या सासूबाई, मुलांच्या आजी. रात्रीची मालिका बघायला त्या हॉलमध्ये येईनाशा झाल्या होत्या. म्हणायच्या, ‘‘माणसं विहिरीत उभी राहून बोलल्यासारखी वाटतात. शब्दच लागत नाही.’’ आवाज वाढवला की त्यांचं डोकं उठायचं. मग घरातल्यांनी ठरवूनच टाकलं की वय झालं, कान गेले. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. कानात यंत्र बसवणार म्हणून आजी मनातून धास्तावल्या आणि ट्रान्झिस्टर घेऊन आपल्या खोलीत बसू लागल्या. घर एक, पण संध्याकाळी आजी एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे.

पुढच्या रविवारी मी गेलो, तेव्हा भाचीनं मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘मामा, आजीला रेडिओवरच्या बातम्या ऐकू येतात. तेही बारीक आवाजात. मग टीव्हीच का ऐकू येत नाही?’’

हा प्रश्न लक्षात ठेवा. त्याचं उत्तर रिसीव्हरच्या पाठीमागे दडलेलं होतं. चला, आपणही तिकडे जाऊ. पण आधी भिंतीतला प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर! आणि रिसीव्हरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत मोठे कपॅसिटर असतात. प्लग काढल्यावरही त्यांच्यात काही वेळ विद्युतप्रभार साठून राहतो आणि तो चांगला झटका देऊ शकतो. आपलं काम फक्त बाहेरच्या सॉकेटांशी.

रिसीव्हर पाठीमागून पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरतोच. चाळीस-पन्नास भोकं, रंगीबेरंगी कड्या, इंग्रजी अक्षरं. पण जरा लांबून बघा. हे म्हणजे आपलं दादर स्टेशन आहे. एका बाजूनं गाड्या येतात, दुसऱ्या बाजूनं जातात. सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, टीव्ही, टेपडेक यांचे आवाज आत येतात. त्यातला कुठला घ्यायचा ते रिसीव्हर ठरवतो, त्यात पाच-सहा वेगवेगळे आवाज गुंडाळलेले असतील तर ते सोडवतो, प्रत्येकाला ताकद देतो आणि ज्याच्या त्याच्या स्पीकरकडे रवाना करतो. ज्या सॉकेटवर ‘इन’ लिहिलंय तिथे गाडी आत येते. ‘आउट’ लिहिलंय तिथून बाहेर पडते. निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

आता तुम्ही म्हणाल, एका टीव्हीला पाच स्पीकर हवेत कशाला? आपल्याला दोन कान का असतात, त्याचंच हे उत्तर आहे. डावीकडे कुणी टाळी वाजवली तर तो आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. किती उशिरा? फार तर सेकंदाचा सुमारे दीड हजारावा भाग! एवढ्याशा फरकावरून आपला मेंदू टाळी कुठून आली ते ओळखतो. डोळे मिटून बघा करून.

अॅलन ब्लमलिन नावाचा एक इंग्रज इंजिनिअर होता. असं सांगतात, की तो बायकोबरोबर सिनेमाला गेला असताना त्याला एक गोष्ट खटकली. नट पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतोय, पण त्याचा आवाज मात्र एकाच जागेवरून येतोय. नटाच्या मागोमाग त्याचा आवाजही चालला पाहिजे, असं त्यानं मनावर घेतलं आणि डिसेंबर १९३१ मध्ये दोन वाहिन्यांच्या आवाजाच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, त्याचा पाया त्या अर्जात आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात रडारची चाचणी घेताना विमान कोसळून १९४२ साली तो गेला. तेव्हा तो अवघा ३८ वर्षांचा होता.

आपल्याकडे ही गंमत घरोघरच्या आजोबांना ठाऊक असते ती १९७५ च्या ‘शोले’मुळे. सत्तर एमएमचा भव्य पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज! मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. नाणं पडल्याचा आवाज आला की प्रेक्षक आपल्या खुर्चीखाली वाकून बघायचे, अशी आठवण सांगितली जाते. आणि योगायोग बघा, स्पीकरच्या वायरी, पिना, सॉकेटं घ्यायला मुंबईकर जातात तोही लॅमिंग्टन रोडच!

तर पाच स्पीकर. टीव्हीच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक. टीव्हीच्या खाली किंवा वर मधला, म्हणजे सेंटर. सिनेमातलं बहुतेक बोलणं या मधल्यातून येतं. उरलेले दोन आपल्या बाजूंना, जरासे मागे. पाऊस, गर्दी, मागून येणारी मोटार यांच्यासाठी. सहावा सबवूफर. तो फक्त खर्जातले, म्हणजे अगदी कमी वारंवारतेचे आवाज काढतो. सगळी पट्टी त्याच्या वाट्याला येत नाही, म्हणून त्याला एक न म्हणता ‘पॉइंट वन’ म्हणतात. ५.१ म्हणजे पाच पूर्ण आणि एक अपूर्णांक. आहे की नाही गणित!

जागा ठरवायला कंपासपेटी काढा. डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि तुमची बसायची जागा या तीन बिंदूंचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. म्हणजे तुम्ही समोर बघत असाल तर दोन्ही स्पीकर तीस-तीस अंशांवर येतात. मागचे दोन ११० अंशांच्या आसपास. आंतरराष्ट्रीय शिफारशीत हेच कोन दिलेले आहेत. घरात दार, खिडकी, देवघर सांभाळून हे अगदी काटेकोर जमत नाही आणि नाही जमलं तरी बिघडत नाही. पण कानाची उंची मात्र सांभाळा. समोरचे स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला हवेत, कपाटाच्या डोक्यावर नव्हेत. सबवूफर कुठेही चालतो. ८० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी चार मीटरहून जास्त असते. एवढ्या लांब लाटेची दिशा आपल्या कानांना नीट कळत नाही, म्हणून तो कोपऱ्यात बसला तरी बोभाटा होत नाही.

आता आजींकडे वळू.

प्रत्येक स्पीकरला मागे दोन कड्या असतात, एक लाल आणि एक काळी. रिसीव्हरवरही तशाच जोड्या. नियम एकच. लाल ते लाल, काळी ते काळी. चुकून उलट लावलं तर काय होतं? स्पीकर जळत नाही. मुकाही होत नाही. आवाज येतोच. म्हणून तर ही चूक इतकी लबाड आहे!

स्पीकरच्या आत एक चुंबक, त्यात एक तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याला चिकटलेला पडदा. धारा एका दिशेनं गेली की पडदा पुढे सरकतो, उलट दिशेनं गेली की मागे. पुढे-मागे, पुढे-मागे, हवा ढकलत. आता समजा दोन स्पीकरांपैकी एकाची वायर उलटी लागली. दोघांना एकच आवाज दिला, तर एक पडदा पुढे जाईल तेव्हा दुसरा मागे जाईल. दोघांनी एकच दार दोन बाजूंनी ढकलावं, तशी गत. दार हलणार कसं? आवाजाचा जाड, भरदार भाग एकमेकांना मारून टाकतो. पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता साधारण शंभर-सव्वाशे हर्ट्झ असते. ती जाते. बारीक चिरका भाग उरतो आणि तोही नक्की कुठून येतोय ते मेंदूला उमगत नाही. मालिकेतलं बोलणं बहुधा दोन्ही स्पीकरांना सारखंच दिलेलं असतं, त्यामुळे सगळ्यात जास्त मार बसतो तो बोलण्यालाच. पार्श्वसंगीत आणि धडामधूम बऱ्यापैकी वाचतं.

माणसं विहिरीत उभी राहून बोलल्यासारखी! आजींनी इतकं अचूक वर्णन केलं होतं आणि आम्ही त्यांचं वय मोजत बसलो.

मग बाकीच्यांना कसं कळलं नाही? भाचीनं तेही शोधून काढलं. भाचा टीव्हीसमोर डावीकडे जमिनीवर लोळून बघतो. भावजी उजवीकडच्या सोफ्यावर. म्हणजे दोघंही एकेका स्पीकरच्या जवळ. आजींची खुर्ची बरोब्बर मधोमध होती. घरातली मानाची जागा, आणि हा दोष सर्वांत जास्त जाणवतो तो नेमका तिथेच.

आता मला खात्री वाटायला लागली होती, म्हणून मी रिसीव्हरमागे टॉर्च मारला. लाल कडीत तांब्याच्या रंगाची तार, दोन्हीकडे. स्पीकरांच्या मागे बघितलं. तिथेही सगळं बरोबर. लाल कडीत रेघवाली वायर. ‘‘बघ, मामाचं काम चोख आहे,’’ असं मी म्हणालोसुद्धा! भाची म्हणाली, ‘‘पण इकडे तांब्याची आणि तिकडे रेघेची, ही एकच वायर आहे का?’’

मी गप्प. कारण मला आठवलं. डाव्या स्पीकरची जुनी वायर अपुरी पडली होती. शोकेसच्या मागे मी तिला नव्या वायरचा तुकडा जोडून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. जुन्या वायरच्या दोन तारांपैकी एक तांब्याची आणि एक चंदेरी. नव्या वायरीत दोन्ही तारा सारख्याच, फक्त एकीच्या आवरणावर बारीक रेघ. जोडताना जुळवाजुळव चुकली असेल तर दोन्ही टोकांना सगळं बरोबर दिसणार आणि मधे मात्र उलटापालट!

शोकेस हलवायची म्हणजे आतली काचेची भांडी काढणं आलं. त्याआधी खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. तुम्हीही करून बघू शकता, पण घरातल्या मोठ्या माणसाला सांगून. दीड व्होल्टचा एक साधा पेन्सिल सेल घ्या. रिसीव्हरचा प्लग काढलेला आहे ना? स्पीकरच्या वायरची दोन्ही टोकं रिसीव्हरमधून सोडवा. हे महत्त्वाचं आहे, सेल रिसीव्हरला लागता कामा नये. स्पीकरची जाळी निघत असेल तर काढा आणि एकाला पडद्याकडे बघत बसवा. आता लाल कडीतून सोडवलेली तार सेलच्या धन टोकाला आणि दुसरी ऋण टोकाला, अगदी क्षणभर टेकवा. ‘टप्’ असा आवाज होतो आणि मोठा पडदा पुढे सरकतो. लगेच तार काढून घ्या. टेकवून ठेवू नका. सगळं बरोबर असेल तर पडदा बाहेर येतो. आत गेला तर वाटेत कुठेतरी उलटापालट आहे. छोट्या पडद्याकडे बघू नका. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, सेलची धारा तो अडवून धरतो, त्यामुळे तो हलत नाही.

भाचा स्पीकरसमोर पालथा पडला, भाचीनं सेल टेकवला. उजवा स्पीकर. टप्. ‘‘बाहेर!’’ डावा स्पीकर. टप्.

‘‘आत!’’ भाचा ओरडला.

दारात आजी उभ्या होत्या. ‘‘अहो, काय सापडलं तुम्हाला एवढं?’’ त्यांनी मला विचारलं. काय सांगणार? मी म्हटलं, ‘‘तुमचे कान नाही हो बिघडलेले, माझी वायर बिघडलीय.’’

शोकेस हलली, पट्टी सुटली, जोड उलटून नीट केला. खरं म्हणजे असा जोड मधे नसावाच. मी नंतर ती वायर सबंध बदलली. स्पीकरची वायर जितकी लांब तितकी जाड घ्यावी. हिशेब करून बघा. अर्ध्या चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दहा मीटर जायला आणि दहा मीटर यायला वापरली, तर तिचाच रोध जवळजवळ ०.७ ओहम होतो. स्पीकर साधारण आठ ओहमचा. म्हणजे ताकदीतला एक हिस्सा वाटेतच वायर गरम करण्यात जायचा. दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर हाच रोध पाव ओहमच्याही खाली येतो. मागच्या स्पीकरांची वायर दारावरून, भिंतीच्या कडेकडेनं फिरून जाते, तेव्हा तिथे कंजूषपणा नको. पण सोन्याच्या भावाच्या वायरी विकणारेही भेटतील, त्यांच्याही नादी लागू नका. तांबं ते तांबं.

आता उरलेले तीन स्पीकर. भाच्यानं हट्टानं हे काम मागून घेतलं. वायरचं आवरण एक सेंटिमीटर सोलायचं, आतल्या बारीक तारांना घट्ट पीळ द्यायचा, कडी सैल करून भोकात घालायच्या आणि कडी आवळायची. काही रिसीव्हरना कडीऐवजी स्प्रिंगचा चाप असतो, तो दाबून तार आत सरकवायची. तीन स्पीकर जोडून झाले, प्लग लावला, बटण दाबलं. आतून ‘टक्’ आवाज आला, समोर ‘प्रोटेक्ट’ अशी अक्षरं उमटली आणि रिसीव्हर बंद! भाच्याचा चेहरा पांढराफटक.

घाबरायचं कारण नव्हतं. उलट रिसीव्हर शहाणा निघाला. पीळ नीट न बसल्यामुळे केसासारखी एक तार बाहेर राहिली होती आणि ती शेजारच्या काळ्या कडीला टेकली होती. म्हणजे शॉर्टसर्किट. धारेला स्पीकरमधून जायची गरजच उरली नाही. रिसीव्हरमधल्या संरक्षक मंडलानं ते ओळखून स्वतःला तोडून घेतलं. प्रत्येक रिसीव्हर इतका चपळ असेलच असं नाही, म्हणून पीळ दिल्यावर एकही तार मोकळी नाही ना, ते बोटानं चाचपून बघा. प्लग परत काढला, तार आत घेतली, कडी आवळली. आता ठीक.

याच्याच पोटातली आणखी एक चूक सांगतो. कुणाकडे दोन स्पीकर जास्तीचे असले की मोह होतो, की एकाच जोडीवर दोन-दोन लावू या. आठवी-नववीच्या विज्ञानातली समांतर जोडणी आठवा. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की मिळून चारच ओहम होतात आणि धारा दुप्पट मागतात. रिसीव्हरच्या पाठीवर ‘६ ते १६ ओहम’ असं काहीतरी छापलेलं असतं. त्याच्याखाली गेलात तर तो तापतो. तसा तो सरळ वागणुकीतही थोडा तापतोच. त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल, फुलदाणी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा काही ठेवायचं नाही. (आयांनो, हे तुमच्यासाठी!)

सबवूफर मात्र वेगळ्या जातीचा. त्याच्या पोटात स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो, त्याला विजेचा प्लगही वेगळा लागतो. त्याला रिसीव्हरकडून जाड वायर नको, एकच गोल पिनेची केबल पुरते.

ही गोल पीन तुम्ही पाहिलीच असेल. लाल, पांढरी, पिवळी. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या आद्याक्षरांवरून तिला आरसीए म्हणतात. वय झालंय, पण अजून खणखणीत आहे, आपल्या आजींसारखी. लाल म्हणजे उजवा, पांढरी म्हणजे डावा, पिवळी चित्राची. आजींच्या कपाटातला जुना कॅसेट डेक आम्ही याच पिनांनी जोडला. डेकच्या ‘आउट’मधून रिसीव्हरच्या ‘इन’मध्ये. उलट लावलंत तर डेक मुका राहतो, एवढंच. कुणाकडे तबकड्यांचा रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याचं प्रकरण निराळं. त्याचा आवाज फार क्षीण असतो, त्याच्यासाठी ‘फोनो’ लिहिलेलं खास सॉकेट लागतं. आणि डेकची पीन फोनोत घालू नका, आवाज फाटून येईल.

डीव्हीडी प्लेअरला प्रकाशाची केबल होती. हो, प्रकाशाची! १९८३ साली तोशिबा कंपनीनं आणलेल्या या केबलमधून वीज नाही, लाल उजेड जातो. उघडझाप करणाऱ्या उजेडातून आवाजाचे आकडे पोहोचतात. सॉकेटाला छोटं दार असतं आणि केबलच्या टोकावर प्लॅस्टिकची टोपी. ती टोपी काढायला लोक विसरतात आणि मग केबल आत जात नाही म्हणून जोर लावतात. केबलला काटकोनात दुमडूही नका. आतला तंतू तुटला की संपलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एचडीएमआयनं. सेट-टॉप बॉक्सची केबल टीव्हीत, टीव्हीची केबल रिसीव्हरमध्ये. चित्र ठीक, आवाज मात्र टीव्हीतूनच. एचडीएमआय सॉकेटं दिसायला सगळी सारखी, पण टीव्हीवर त्यातल्या एकावरच ‘एआरसी’ अशी बारीक अक्षरं असतात. २००९ सालापासून ही सोय आली. या सॉकेटातून आवाज उलटा, टीव्हीकडून रिसीव्हरकडे जाऊ शकतो. रिसीव्हरवरही ‘एआरसी’ लिहिलेलंच सॉकेट हवं. केबल हलवली. तरी गप्प! मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज ‘बाहेरच्या स्पीकरला’ द्यायला सांगितलं, एकमेकांशी बोलायची सोय दोन्हीकडे चालू केली, तेव्हा कुठे महाराज बोलते झाले.

शेवटचं काम फीत घेऊन करायचं. आजींच्या खुर्चीपासून प्रत्येक स्पीकर किती लांब ते मोजायचं आणि रिसीव्हरला सांगायचं. का बरं? आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पुढचे स्पीकर २.४ मीटरवर होते, मागचे १.२ मीटरवर. म्हणजे मागचा आवाज सुमारे साडेतीन मिलिसेकंद आधी पोहोचणार. रिसीव्हर मागच्यांना तेवढं थांबवून ठेवतो आणि सगळे एकदम हजर होतात. नव्या रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो, तो खुर्चीत कानाच्या उंचीला ठेवला की हे मोजमाप तो आपणहून करतो. उलटी लागलेली वायरही बरेचदा ओळखून सांगतो. आमच्या खोक्यात माइक नव्हता. असता तर माझी चूक दिवाळीतच चव्हाट्यावर आली असती! रिसीव्हरला कुठले स्पीकर आहेत आणि कुठले नाहीत, तेही सांगून ठेवावं लागतं. मधला स्पीकर जोडलेला नाही पण सेटिंगमध्ये ‘आहे’ असं राहिलं, तर सिनेमातलं सगळं बोलणं त्या नसलेल्या स्पीकरकडे निघून जातं. मग घरभर संगीत आणि नट नुसते ओठ हलवतात.

संध्याकाळी आजींना त्यांच्या खुर्चीत आणून बसवलं. मालिका लागली. भाचीनं मधल्या स्पीकरचा आवाज दोन घरं चढवून ठेवला होता. कुणी काही बोलेना. आजींनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘आता वर आली हो माणसं.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘एवढं मोठ्यानं कशाला लावलंय? जरा कमी करा.’’

कानाच्या डॉक्टरांकडे ठरल्याप्रमाणे त्या गेल्याच, आणि तेही बरंच झालं. वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू यायला लागतात. स, श, फ, त अशी अक्षरं आधी निसटतात. आजींचंही तसं थोडं झालेलं आहे, पण यंत्र लावण्याइतकं नाही, असं तपासणीत निघालं. आपल्या घरात कुणी ‘शब्द लागत नाही’ म्हणत असेल तर आई-बाबांनो, डॉक्टरही गाठा आणि वायरही तपासा.

परवा पुन्हा ताईकडे गेलो होतो. रिसीव्हरच्या पाठीमागे भाचीनं प्रत्येक वायरीला वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे. डावा, उजवा, मधला, टेप. शोकेसमागून काढलेला तो जुना तुकडा मात्र तिनं जपून ठेवलाय आणि त्यावरही चिठ्ठी आहे : ‘मामानं जोडलेली’.